डिरेक आम्बोचा एकच डबा

आमच्याकडे सिनेमाच्या डिरेक्टरला डिरेक म्हणतात. डिरेक आम्बोला परदेशात कुठेही बक्षीस मिळालं की तिथले शहाणे लोक त्याला एकच गोष्ट विचारायचे. त्या शेवटच्या दृश्यातली गर्दी तुम्ही जमवलीत कशी? डिरेक गळ्यातल्या टॉवेलने मान पुसायचा आणि सांगायचा, "कॉफी आणि बिस्किटं ठेवली." दुसऱ्या दिवशी पेपरात छापून यायचं की ह्या दिग्दर्शकाच्या बोलण्यात पूर्वेकडचं काहीतरी गूढ आहे. कसलं गूढ नि काय! खरोखर कॉफी आणि बिस्किटंच होती. मी तिथे होतो ना. सगळ्यात मोक्याची जागा माझीच होती, गादी घातलेली, झालर लावलेली. फक्त डोळे मिटून पडायचं होतं, कारण मी मेलेलो होतो.

मरणं हा माझा धंदाच. मनिलाच्या सिनेमात खलनायकाच्या मागे जे चार गुंड उभे असतात, त्यातला डावीकडचा, पुढचा दात पडलेला, तो मी गोर्यो. मी गोळीने मेलोय, सुऱ्याने मेलोय, नारळाच्या झाडावरून पडून मेलोय. एकदा तर म्हशीखाली येऊन मेलो, आणि म्हैस बिचारी दिवसभर जेवली नाही. पडद्यावर मी नायिकेचा हात धरला की थेटरात बायका चपला फेकायच्या. पडद्यावर फेकल्या तर हरकत नव्हती. पण मालाबोनच्या मासळीबाजारात लोला सेलांग नावाच्या कोळणीने मला प्रत्यक्षात चपलेने हाणलं होतं. मी नुसता कोलंबीचा भाव विचारत होतो.

अशा माणसाला डिरेक आम्बोने सज्जनाचं काम दिलं! तो मूळचा सामार बेटावरचा, ठेंगणा, पायात रबरी चपला. डिरेक व्हायच्या आधी तो थेटरांवरचे मोठाले बोर्ड रंगवायचा. मला म्हणाला, "गोर्यो, तुझं थोबाड मी बांबूच्या शिडीवर उभं राहून किती वेळा रंगवलंय. तुझे डोळे दुष्ट माणसाचे नाहीत रे. भुकेल्या माणसाचे आहेत."

"डिरेक, ते खरंच आहे. मी सकाळपासून जेवलो नाही," मी म्हणालो.

"तेच तर पाहिजे," तो म्हणाला, आणि मला काम मिळालं.

गोष्ट दोन कोळी भावांची होती. थोरला, म्हणजे मी, धाकट्याला वाचवताना खाडीत बुडून मरतो. धाकटा होता आल्दो मोंतेरेय. तोच तो, ज्याच्या गोळीने मी आजवर सगळ्यात जास्त वेळा मेलो होतो. देखणा गडी, छाती अशी की शर्टाची बटणं नावालाच. पण त्याला रडता येत नसे. त्याला चिडता यायचं, हसता यायचं, उडत्या जीपमधून उडी मारता यायची. रडायचं म्हटलं की डोळ्यांत बाम चोळायचा आणि शिंकत बसायचा. आणि डिरेकला तर शेवटच्या दृश्यात त्याचं खरं रडू हवं होतं. अख्खी वस्ती रडत निघालीय, मध्ये पेटी, आणि पेटीमागे हा धाकटा.

पैसा लावला होता डोन्या कोन्सिंगने. मालाबोनात माशाचा खार करायचा तिचा कारखाना. वाऱ्याची दिशा बदलली की तीन गावांना कळायचं डोन्या आज श्रीमंत होतेय. तिला तो शेवटच मान्य नव्हता.

"आम्बो, सिनेमा नाताळात लागणार. लोक नवे कपडे घालून, पोराबाळांना घेऊन येणार. त्यांना तू मढं दाखवणार?"

"डोन्या, तो मेला तरच हा सिनेमा आहे."

"मरू दे की! मी कुठे नको म्हणतेय? पण शेवटी उठून बसू दे. प्रभू येशू उठला, ह्याला काय धाड भरलीय?"

दोघांची अशी जुंपली की अखेर तिनेच तोड काढली. तिजोरीत फिल्मचा एकच डबा उरला होता, तो तिने त्याच्या हातात ठेवला. "हा घे. ह्याच्यात तुझा शेवट मला रडवेल असा जमला, तर तुझा. नाही जमला, तर उद्या माझा भाचा बोयेट नवा डबा आणेल आणि माझा शेवट काढेल. बँड लावून!"

एक डबा म्हणजे किती? चुलीवर भात चढवावा आणि कांदा चिरून होईतो संपावा, एवढा. आणि हा डिरेक असा की नुसतं दार उघडायचं दृश्य दहा वेळा घ्यायला लावायचा. वर डोन्याने माणसांचे पैसेही कापले. अख्ख्या वस्तीच्या जागी एका जीपमध्ये मावतील तेवढीच माणसं पाठवली, आणि तीही सगळी कॅमेरा दिसला की दात काढणारी.

म्हणून डिरेकने कॅमेरा लपवला. मालाबोनच्या त्या गल्लीला लागूनच खाडी. एका होडीत जाळ्यांच्या ढिगाखाली कॅमेरा, कॅमेरामन आणि खुद्द डिरेक. सकाळी सकाळी गल्लीत ताडपत्री बांधली, भाड्याने आणलेली पेटी ठेवली, चार मेणबत्त्या, दोन पुष्पचक्रं, लाकडी बाकं. पेटीवरची काच काढून टाकली, कारण माझ्या श्वासाने तिच्यावर वाफ धरायची. आणि खरं वाटावं म्हणून कोपऱ्यात कॉफीचं मोठं पातेलं, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, भाजलेल्या कलिंगडाच्या बिया आणि पत्त्यांचे दोन जोड.

इथेच घोटाळा झाला! आमच्याकडे मयताची ताडपत्री दिसली की 'कोण गेलं' असं आधी कुणी विचारत नाही. ते वाईट दिसतं. आधी बसायचं, कॉफी घ्यायची, बिया फोडायच्या, पत्त्यांचा एक डाव टाकायचा. दुसऱ्या कपाला मग शेजारच्याला हळूच विचारायचं, "कोण हो?" आणि शेजारचाही बहुतेक विचारायलाच थांबलेला असतो.

बाजाराला निघालेला एक म्हातारा बसला. त्याला बघून दोन बायका बसल्या. रिक्षावाला बसला. शाळेच्या बाई बसल्या. मी पेटीत, अंगात झिरझिरीत पांढरा बारोंग सदरा, नाकात कापूस, आणि कानावर नुसते बिया फुटल्याचे टकटक आवाज.

आमची मेकअपवाली चारिंग माणसं कमी म्हणून काळी ओढणी घेऊन माझ्याच उशाशी बसली होती. आमच्याकडे थोरल्या भावाला कुया म्हणतात, तशी ती मला म्हणायची. ती ओठ न हलवता कुजबुजली, "कुया गोर्यो, ही आपली माणसं नाहीत."

"मग कुणाची?"

"वस्तीतली. चांगली शंभरेक झालीत. खरोखरचं मयत समजून आलीत."

"डिरेकला सांग ना बये!"

ती फुलं आणायच्या निमित्ताने खाडीकडे गेली आणि परत आली. "डिरेक जाळ्यात बसून नाचतोय. म्हणाला, ब्र काढू नका. सांगितलं तर सगळे केस विंचरून कॅमेऱ्याकडे बघत बसतील. आणि कुया, तुला निरोप आहे. आकाश कोसळलं तरी हलायचं नाही. डब्यात तू हललेला दिसलास तर डोन्या तोच शेवट ठेवेल."

म्हणजे सगळं माझ्या नाकाडोळ्यांवर येऊन ठेपलं! मी निजलेला राहिलो तर डिरेकचा सिनेमा, मी बुबूळ फिरवलं तर डोन्याचा.

तेवढ्यात मासळीचा वास आला. माझ्या तोंडावर वाकून कुणीतरी श्वास घेतला.

"अगं बाई! हा तर तो दातपड्या!" लोला सेलांगचा आवाज. त्या आवाजाने समुद्रातले मासे वर येतात म्हणे. "अगं, सिनेमातला गोर्यो गेला! खरा गेला!"

झालं! गल्ली दणाणली. बाजारात बातमी गेली, बाजारातून धक्क्यावर, धक्क्यावरून डोन्याच्या कारखान्यात. माणसं अर्धा मासा साफ करायचा टाकून आली. न्हाव्याने अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईकही सोबत आणलं. इतकी माणसं लोटली की ताडपत्रीचे बांबू वाकले, आणि कॉफीचं पातेलं, शपथेवर सांगतो, लोक बिस्किटाने पुसून खात होते.

लोला सेलांग माझ्या छातीवर डोकं टेकून रडत होती. "बाळा, मी तुला चपलेने मारलं रे! तू कोलंबी मागत होतास आणि मी तुला मारलं. मला माफ कर!"

हे ऐकून मला हसू फुटायला आलं. मी मनातल्या मनात माझ्या सासूचा चेहरा आणला. हसू गेलं.

"पण मेला कशाने?" कुणीतरी विचारलं.

"कशाने म्हणजे? अशी माणसं कशाने मरतात? मारलंय कुणीतरी!"

"कुणी?"

शाळेच्या बाई म्हणाल्या, "आजवर ह्याला कोण मारत आलंय?"

आणि सगळ्या माना एकदम आल्दो मोंतेरेयकडे वळल्या. तो बिचारा, हे चारिंगने मला मागून सांगितलं, बाकावर बसून बिस्किट कॉफीत बुडवत होता.

"मी? अहो, तो सिनेमा होता!" आल्दो म्हणाला.

"प्रत्येक वेळी सिनेमाच होता होय रे?" लोला सेलांगने बाह्या सरसावल्या. "थांब. आत्ता कळेल. कुणीतरी पिल्लू आणा!"

खून झालेल्या माणसाच्या पेटीवर आमच्याकडे कोंबडीचं पिल्लू ठेवतात. पिल्लू दाणे टिपतं, आणि प्रत्येक टोचीसरशी खुन्याच्या काळजाला टोचणी लागते म्हणतात. पिवळं पिल्लू आलं. लोलाने माझ्या छातीवर मूठभर तांदूळ पसरले. आता बारोंगचं कापड ते किती जाड असणार! पिल्लाने पहिली टोच मारली आणि माझ्या डोळ्यांपुढे तारे चमकले. दुसरी बरगडीवर. तिसरी अशा जागी की ती मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. पण मी हललो नाही हो!

आल्दो पेटीपाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता, हे मला डोळे मिटूनही आवाजावरून कळलं. "कुया गोर्यो," तो हळूच म्हणाला, "पुरे आता. तू बरा आहेस ना?"

मी गप्प.

त्याने चादरीखालून मला चिमटा काढला. मी गप्प. दुसरा चिमटा पिरगाळून काढला. माझ्या मनात शिव्यांची माळ लागली, पण ओठ मिटलेले.

"कुया? अरे, थट्टा करू नकोस." त्याने माझा हात धरला. आता मी पहाटेपासून बर्फाच्या गाडीतून आणलेल्या पेटीत पडलेलो. हात गारठलेलाच होता. "चारिंग! हा थंड पडलाय!"

चारिंगने काय करावं? तिने ओढणी तोंडावर ओढली आणि मोठ्याने हंबरडा फोडला.

पिल्लू टोचतच होतं. बघता बघता आल्दोने स्वतःची छाती धरली. "मला टोचतंय," तो म्हणाला. "इथे आत टोचतंय!"

"बघा!" गर्दी ओरडली.

"उचला," कुणीतरी म्हणालं, आणि माझी पेटी हवेत गेली. त्याच क्षणी चारिंग माझ्या कानाशी लागली. "सुरू झाला. डबा सुरू झाला."

आता ऐका. आमच्या माणसांनी पेटी उचललीच नव्हती. वस्तीने उचलली. मयत निघायच्या वेळी घरातली लहान मुलं पेटीवरून पलीकडे देतात, म्हणजे मेलेला माणूस त्यांच्या स्वप्नात येत नाही. डिरेकला हे सुचलंच नसतं, कारण मला ना बायको पेटीपाशी होती ना पोरं. पण वस्तीला कुठे थांबायचं होतं? एकेक आई पुढे झाली. माझ्या तोंडावरून पोरं जाऊ लागली, ह्या हातातून त्या हातात, गुबगुबीत, शेंबडी, काही किंचाळणारी. एका बाळाने माझ्या कपाळावर धारच धरली. ती मी पवित्र पाणी समजून सोसली. पुढे पडद्यावर हे बघताना परदेशातले लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे.

पेटी गल्लीतून निघाली. मागे सगळी वस्ती रडत होती, आणि रडणं खरं होतं. कुणी माझ्यासाठी रडत होतं, कुणी आपल्या घरातलं जुनं मयत आठवून, कुणी कॉफी मिळाली नाही म्हणून. एवढ्यात डोन्या कोन्सिंगची काळी मोटार गल्लीच्या तोंडाशी अडकली. ती आणि बोयेट शूटिंग बघायला आले होते.

"कोण गेलं?" तिने काच खाली करून विचारलं.

"गोर्यो, डोन्या. सिनेमातला."

"अरे देवा! पेटीतच मेला? कामावर?" आणि मी सांगतो, ती बाई मोटारीतून उतरली, मोत्याच्या चपला हातात घेतल्या आणि मिरवणुकीत रडत चालू लागली.

हो, चपला हातात, कारण भरती आली होती. मालाबोनला भरतीचं पाणी रस्त्यावर येतं. तिथली माणसं त्याकडे बघतही नाहीत, नुसती पँट वर करतात. आधी घोटा बुडाला, मग पोटरी. मला खाली पाण्याचा चुबूक चुबूक आवाज यायला लागला.

आणि मग आल्दो फुटला. "मी मारलं!" तो ओरडला. "किती वेळा मारलं ह्याला! आणि दर वेळी उठून मला म्हणायचा, आल्दो, लागलं नाही ना तुला? एकदा बंदूक जवळून सुटली, ह्याची भुवई जळाली, तरी बोलला नाही कुणाला. कुया! कुया, ऊठ ना रे!"

बाम नव्हता. शिंका नव्हत्या. लहान पोर बाजारात हरवल्यावर रडतं तसा तो रडत होता, आणि देवाशपथ, मिटल्या पापण्यांखालून मलाच पाणी यायला लागलं. ते दिसू नये म्हणून मी मनात पुन्हा सासूला आणलं. ह्या खेपेस तीही रडत होती.

आल्दोला धरायला म्हणून पेटीवाले वळले. एकाने कडी सोडली, दुसऱ्याला वाटलं तिसऱ्याने धरलंय. पेटी धपकन पाण्यावर पडली. आणि बुडाली नाही. तरंगली! गुडघाभर पाण्यावर अशी डौलात फिरली, गल्लीच्या उतारावर लागली आणि निघाली खाडीकडे. पिल्लू माझ्या पोटावर उभं, खलाशासारखं.

मला पोहता येत नाही. कोळ्याचं काम केलं, पण पोहता येत नाही.

पेटी खाडीत शिरली. फळ्यांच्या फटीतून पाठीला गार पाणी लागलं, कमरेपर्यंत चढलं. जवळून एक होडी सरकत होती, आणि जाळ्यांच्या आतून तो आवाज ऐकू आला, कॅमेऱ्याचा, तांदळात किडा फिरावा तसा. डबा थांबत थांबत, पुरवून वापरला होता, म्हणून अजून चालू होता. मी मनात म्हटलं, गोर्यो, आत्ता उठलास तर बँड वाजणार. नाही उठलास तर बुडशील. पाणी कानात शिरलं. मी कुठल्या कुठल्या संतांना काय काय कबूल केलं ते अजून फेडतोय.

धप्प! आल्दोने उडी घेतली होती. पोहत आला, पेटीला मिठी मारली, आणि "माझा कुया, माझा कुया" करत तिला काठाकडे ओढू लागला. काठावर सगळी वस्ती कमरेइतक्या पाण्यात, हात जोडून. आणि जाळ्यात काहीतरी फडफड झाली, चाकावरून फिल्म सुटल्याची.

"कट!" डिरेक आम्बो जाळ्यांतून एवढ्या जोरात उभा राहिला की होडी उलटायची राहिली. कॅमेरामनने डबा डोक्यावर धरला होता, बाप्तिस्म्याला बाळ धरावं तसा.

मी ताडकन उठून बसलो. "अरे पाणी! पाणी भरतंय, बाहेर काढा!"

काय किंचाळी उठली! अर्धी गर्दी पळाली, अर्धी गुडघ्यावर बसली, म्हणजे पाण्यात गेली. न्हाव्याचं गिऱ्हाईक झाडावर चढलं. आल्दो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने मला मिठी मारली, आणि मग कानाखाली एक ठेवून दिली. ती सिनेमातली नव्हती. दात आधीच पडलेला होता म्हणून बरं.

लोला सेलांग पाणी तुडवत आली. हातात चपला. "जिवंत आहेस? जिवंत? मग माझी माफी परत दे!"

"लोला, अहो, कामच होतं ते!"

"माझं रडणं परत दे! पिल्लाचे तांदूळ परत दे!" आणि चप, चप, चप. माफीच्या आधीचीही थकबाकी तिने वसूल केली. पण मारता मारता ती हसायला लागली, आणि तिच्या हसण्याने काठावरची सगळी वस्ती खदखदली. मग कुणीतरी ओरडलं, "गोर्यो जगला!" आणि टोप्या हवेत उडाल्या.

डिरेक मात्र हसत नव्हता. तो भिजलेल्या टॉवेलने मान पुसत डोन्या कोन्सिंगपुढे उभा होता. तिच्या गालांवरून काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं. मागे बोयेट खुशीत. "मावशी, बघितलंस? उठल्यावर लोक कसे नाचले! हाच आपला शेवट! उद्या डबा आणतो."

"तू गप्प बस," डोन्या म्हणाली. मग डिरेककडे वळली. "हा उठला तेव्हा डबा चालू होता?"

"नाही, डोन्या. संपला होता."

"बरं झालं." ती नाक पुसत म्हणाली. "आम्बो, मी माझ्या नवऱ्याच्या वेळी एवढी रडले नाही, तेवढी ह्या मेल्यासाठी रडले. ह्याला मी कधी धड बघितलंही नव्हतं. आणि हा टुणकन उठून बसला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला! वाटलं, ह्याला पुन्हा आत कोंबावं आणि वर खिळे ठोकावेत. पैसे देऊन आलेल्या माणसाला नाताळात असं वाटायला नको. राहू दे मेलेला."

डिरेकने तिचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले, आईचे लावावेत तसे. मग तो वळला आणि त्या पाण्यात, त्या वयात, एक कोलांटी मारली. मी स्वतः पाहिली. चपला तरंगत कुठल्या कुठे गेल्या.

आता प्रश्न उरला तो घरी जायचा. मयताहून कुणी थेट घरी जात नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, काही खायचं, म्हणजे मेलेला तिथेच रेंगाळतो आणि आपल्या मागून घरात शिरत नाही. सगळी वस्ती पाण्यात उभी राहून वाद घालू लागली. मेलेला जिवंत असेल तर हे लागू पडतं का? शाळेच्या बाई म्हणाल्या नाही. रिक्षावाला म्हणाला, उलट दुप्पट लागू, कारण ह्याला पाय आहेत.

"थांबायचंच," लोला सेलांगने निकाल दिला. "कॉफी प्यायलात ना? मग मयत ते मयत."

आणि अख्खी मिरवणूक कोपऱ्यावरच्या शेवयांच्या दुकानात घुसली. डोन्या, डिरेक, आल्दो, अर्ध्या दाढीचा माणूस, सगळे. दुकानदाराने कढया चढवल्या, कोलंबी, शिंपले, उकडलेली अंडी. डोन्याने कारखान्यातून खाराची अख्खी बरणी मागवली. मी ओला बारोंग घालून मधोमध बसलो आणि पोट फुटेस्तोवर खाल्लं. संध्याकाळ झाली, कढया खरवडून झाल्या, तरी कुणी उठेना. मी उठलो तेव्हा सगळे एकदम उठले. मी बसलो, सगळे बसले.

"काय झालं आता?" मी विचारलं.

लोला सेलांगने तोंडातलं शिंपलं बाजूला ठेवलं. "तू आधी जा, बाळा," ती म्हणाली. "आणि लांबच्या वाटेने जा. आम्ही बघतोय."